जुन्या आउटबोर्ड मोटरचं वायरिंग: पार्ट बदलण्याआधी मीटर लावा



व्हिडिओत हात कुठे जातोय ते दिसतं, पण आकडे डोक्यात राहत नाहीत. म्हणून हा लेख सोबत ठेवा. दुकानात भिंतीला चिकटवलात तरी चालेल.

आजचा विषय आहे होडीच्या जुन्या आउटबोर्ड मोटरचं वायरिंग. ऐंशी-नव्वदच्या दशकातल्या टू-स्ट्रोक मोटरी आपल्या किनाऱ्यावर अजून चालतात. कुणाच्या मासेमारीच्या फायबर होडीला असते, कुणाच्या पर्यटकांच्या बोटीला, तर कुणाच्या वडिलांच्या वेळची पडवीत झाकून ठेवलेली असते. यांत्रिक काम करणारे मिस्त्री गावोगावी आहेत. वायरिंग नीट तपासून देणारा माणूस मात्र शोधावा लागतो. तुम्ही ऑटो इलेक्ट्रिशियन असाल, किंवा मोटर रिपेअरचं छोटं दुकान टाकायचा विचार करत असाल, तर ही जागा रिकामी आहे.

पण या कामात पैसे कुठे बुडतात ते आधी समजून घ्या. मोटर चालू होत नाही, म्हणून सेल्फ बदलला. तरी होत नाही, म्हणून सीडीआय बदलला. शेवटी कळलं की अर्थची वायर सडली होती. इलेक्ट्रिकलचा पार्ट एकदा बसवला की बहुतेक दुकानदार परत घेत नाहीत. मग त्याचे पैसे कोण देणार? गिऱ्हाईक म्हणतं, "तुम्हीच बदला म्हणालात." तुमचा नफा गेला आणि नावही गेलं. म्हणून आजचं एकच सूत्र: पार्ट सगळ्यात शेवटी, मीटर आधी, आणि मीटर लावायचेही पैसे घ्यायचे.

एक मोटर, तीन वेगळी सर्किट

कव्हर उघडलं की वायरींचा गुंता बघून नवीन मुलं घाबरतात. घाबरू नका. त्या गुंत्यात फक्त तीन सर्किट असतात आणि प्रत्येकाची तक्रार वेगळी असते.

१. स्टार्टिंग सर्किट. बॅटरी, जाड केबल, सोलेनॉइड आणि सेल्फ. चावीकडून सोलेनॉइडला एक बारीक वायर येते, ती न्यूट्रल स्विचमधून. तक्रार असते, "सेल्फ घेत नाही."

२. इग्निशन सर्किट. फ्लायव्हीलमधले चुंबक, त्याखालच्या कॉइल, सीडीआय, इग्निशन कॉइल आणि प्लग. तक्रार असते, "करंट येत नाही."

३. चार्जिंग सर्किट. फ्लायव्हीलखालची चार्जिंगची कॉइल, रेक्टिफायर आणि तिथून बॅटरी. तक्रार असते, "बॅटरी उतरते."

आता महत्त्वाची गोष्ट. या जुन्या मॅग्नेटो पद्धतीच्या मोटरीत स्पार्कला बॅटरी लागतच नाही. फ्लायव्हील फिरलं की करंट तयार होतो. म्हणून गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न हा विचारा: "काका, दोरी ओढून चालू होते का?"

दोरीने चालू होते पण चावीने नाही, म्हणजे इग्निशन ठीक आहे. तुमचं काम पहिल्या सर्किटमध्ये. दोरीनेही नाही आणि चावीनेही नाही, पण सेल्फ जोरात फिरतो, तर दुसऱ्या सर्किटकडे बघा (पेट्रोल आणि कॉम्प्रेशन मिस्त्रीकडून तपासून घ्यायचं, ते वेगळं). एका प्रश्नात दोन तृतीयांश वायरिंग बाजूला पडलं.

हात लावायच्या आधी

पेट्रोलच्या टाकीची नळी काढून टाकी लांब ठेवा. कव्हर उघडून दहा मिनिटं वारा लागू द्या. वास येत असेल तर मीटरसुद्धा लावू नका. बॅटरी काढताना आधी निगेटिव्ह काढायची आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी. मोटर न्यूट्रलमध्ये आहे ना आणि प्रोपेलरजवळ कुणाचं पोर उभं नाही ना, हे बघा. सीडीआयच्या बाहेर पडणाऱ्या वायरवर काही शे व्होल्ट असतात, चालू मोटरीत तिथे बोट लावायचं नाही.

आणि मोबाइलवर चारही बाजूंनी फोटो काढा. जुन्या मोटरीत आधीच्या कुणीतरी लाल वायरला काळी जोडलेली असते. तुम्ही उघडलं ते कसं होतं याचा पुरावा तुमच्याकडे हवा.

डोळे आणि बोटं: फुकटची तपासणी

प्रत्येक वायर दोन बोटांत धरून हळू वाकवा. निरोगी वायर मऊ वाकते. जुनी वायर कडक लागते, आतून करकर आवाज येतो किंवा इन्सुलेशनचे तुकडेच हातात येतात. असं असेल तर ती वायर संपली आहे, तिला टेप मारून उपयोग नाही.

थिंबलच्या तोंडाशी हिरवा थर दिसतोय का? मग थिंबलपासून दोन इंच मागे थोडं इन्सुलेशन सोलून तांबं बघा. लाल चकचकीत असेल तर थिंबल बदलून भागेल. काळं असेल तर खारं पाणी तारांच्या फटींतून आत चढलेलं आहे. ते कधीकधी फूटभर आत जातं. चांगलं तांबं लागेपर्यंत कापत जा, नाहीतर पूर्ण वायर बदला. वरून वायर नवी दिसते आणि आतून काळी असते, खाऱ्या हवेतली ही रोजची गोष्ट आहे.

"सेल्फ घेत नाही": व्होल्टेज ड्रॉपची टेस्ट

सुरुवात बॅटरीपासून. काही तास न वापरलेली पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.० दाखवत असेल तर ती जवळजवळ उतरलेली आहे. आधी चार्ज करा, मग पुढे जा. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या खुंट्यांवर साधारण १० व्होल्टच्या वर राहायला हवं. त्याच्या बरंच खाली जात असेल तर बॅटरी थकलेली आहे किंवा सेल्फ जास्त करंट ओढतोय.

आता नव्या माणसाची नेहमीची पद्धत काय? मीटर बीपवर लावायचा, केबलच्या दोन टोकांना पिना टेकवायच्या, बीप वाजला की "केबल ओके". मित्रांनो, ही टेस्ट जाड केबलसाठी काहीच कामाची नाही. शंभर तारांच्या केबलमध्ये एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतो. मीटर अगदी थोडा करंट सोडतो, तो एका तारेतून आरामात जातो. सेल्फला मात्र शंभराच्या घरात अँपिअर लागतात.

हिशोब करा. समजा सडलेल्या जोडाचा रेझिस्टन्स फक्त ०.०२ ओहम आहे. मीटरच्या पिना एकमेकींना टेकवल्या तरी तो ०.२ ओहम दाखवतो, त्याला ०.०२ काय दिसणार? पण त्याच जोडातून १०० अँपिअर गेले की १०० गुणिले ०.०२, म्हणजे २ व्होल्ट तिथेच खाल्ले जातात. म्हणून वायर चालू कामात असताना मोजायची. यालाच व्होल्टेज ड्रॉप टेस्ट म्हणतात.

पद्धत अशी:

- किल स्विचची दोरीवाली क्लिप काढून ठेवा. बहुतेक मोटरींत मग स्पार्क बंद राहतो आणि सेल्फ फिरतो.
- मीटर डीसी व्होल्टवर ठेवा.
- पॉझिटिव्ह बाजू: एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर, दुसरी सेल्फच्या बोल्टवर. कुणालातरी चावी मारायला सांगा. ०.५ व्होल्टपर्यंत चालेल.
- अर्थ बाजू: एक पिन निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर, रंगावर नाही. ०.३ व्होल्टपर्यंत चालेल.
- आकडा जास्त आला तर एकेक जोड मोजत जा. एका जोडावर ०.१ ते ०.२ च्या वर दिसलं की चोर सापडला.
- एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ फिरवू नका. दोन मिनिटं थंड होऊ द्या.

पिन केबलच्या थिंबलवर नाही, थेट खुंटीवर टेकवा. नाहीतर खुंटी आणि थिंबलमधला खराब जोड मोजमापातून सुटतो.

आमच्या दुकानात आलेली एक केस सांगतो. खाडीत होडी चालवणाऱ्या एका दादांची जुनी मोटर. चावी मारली की सेल्फ अर्धा फिरून थांबायचा. "सेल्फ गेला, नवीन टाका" असं त्यांना आधी सांगितलं गेलं होतं आणि त्यांनी पैशांची जुळवाजुळवही सुरू केली होती. आम्ही मोजलं. चावी मारताना बॅटरीवर १२.१ व्होल्ट, सेल्फवर ७.९. मध्ये ४.२ व्होल्ट गायब. पॉझिटिव्ह बाजूला ०.४, म्हणजे ठीक. अर्थ बाजूला ३.८! इंजिनला लागलेला अर्थचा बोल्ट उघडला तर थिंबलखाली पांढरी भुकटी आणि केबल आतून काळी. नवी केबल टाकली, बोल्टची जागा घासून स्वच्छ केली, सेल्फ पहिल्यासारखा फिरला. दादांचे सेल्फचे पैसे वाचले. त्या वाडीतून त्यानंतर अजून कामं आली. जाहिरात करावी लागली नाही.

सोलेनॉइड आणि न्यूट्रल स्विच

चावी मारल्यावर "टक्" आवाज येतो, पण सेल्फ फिरत नाही? सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टांवर मीटर लावा आणि चावी मारा. आकडा शून्याजवळ यायला हवा. १२ व्होल्ट तसाच दिसत राहिला तर आतले कॉन्टॅक्ट जळलेत, सोलेनॉइड बदला.

आवाजच येत नसेल तर त्याच्या बारीक टर्मिनलवर चावी मारताना १२ व्होल्ट येतात का ते बघा. येत असतील तर सोलेनॉइडचा बारीक अर्थ तपासा, मग सोलेनॉइड. येत नसतील तर मागे जा: फ्यूज, मोठा प्लग, चावी, न्यूट्रल स्विच.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. न्यूट्रल स्विच खराब निघाला की गिऱ्हाईक म्हणेल, "डायरेक्ट करून टाका ना." करायचं नाही. तो स्विच नसला तर मोटर गिअरमध्ये असताना चालू होते. होडी एकदम झटका घेते, उभा माणूस पाण्यात पडतो आणि मागे प्रोपेलर फिरत असतो. किल स्विचच्या क्लिपचंही तेच. या दोन गोष्टी बायपास करून दिलेल्या मोटरीवर तुमच्या दुकानाचं नाव नको. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या.

"करंट येत नाही": आधी स्टॉपची वायर

आधी स्टार्टिंगचं काम पूर्ण करा, मगच इकडे या. कारण फ्लायव्हील ठराविक वेगाने फिरल्याशिवाय स्पार्क येत नाही. कमजोर बॅटरीमुळे सेल्फ हळू फिरतो आणि दोष सीडीआयवर जातो. आणि हो, मगाशी काढलेली किल क्लिप परत लावा!

गाडीची सवय असलेल्यांनी हा परिच्छेद दोनदा वाचा. साध्या गाडीत चावी चालू केली की इग्निशनला करंट *मिळतो*. इथे उलटं आहे. इथे स्टॉपची वायर अर्थला *टेकली* की मोटर बंद होते. म्हणजे ही वायर कुठेही घासून इंजिनला टेकली, चावीत पाणी गेलं किंवा किल स्विच गंजला, तर मोटर कायमची "बंद"च राहते. आणि या वायरवर कधीही १२ व्होल्ट द्यायचे नाहीत. चुकून दिलेत तर सीडीआय जळतो.

टेस्ट सोपी आहे. स्टॉपची वायर सीडीआयजवळून सोडवा, उघडं टोक टेप लावून बाजूला ठेवा आणि स्पार्क टेस्टर लावून सेल्फ फिरवा. स्पार्क आला? म्हणजे सीडीआय चांगला आहे, दोष चावी, किल स्विच किंवा त्या वायरमध्ये आहे. लक्षात ठेवा, ही वायर सुटलेली असताना मोटर चुकून चालू झाली तर चावीने बंद होणार नाही, चोक ओढून बंद करावी लागते. म्हणून टाकीची नळी काढलेलीच हवी.

स्टॉपच्या वायरचा रंग प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. यामाहाच्या जुन्या मोटरींत सहसा पांढरी, जॉन्सन-एव्हिनरूडमध्ये पिवळ्या पट्ट्याची काळी. पण जुन्या मोटरीत रंगावर भरवसा ठेवू नका, त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला नकाशा बघा आणि वायर हाताने शेवटपर्यंत शोधत जा.

प्लगची वायर हातात धरून इंजिनला टेकवत स्पार्क बघायची सवय सोडा. सिलिंडरच्या तोंडाशी पेट्रोलची वाफ असते. फट कमी-जास्त करता येणारा टेस्टर घ्या. सीडीआयच्या मोटरीत साधारण ११ मिलिमीटरची फट ओलांडून निळसर स्पार्क उडायला हवा.

तरीही स्पार्क नाही, तर फ्लायव्हीलखालच्या चार्ज कॉइल आणि ट्रिगर कॉइलचा रेझिस्टन्स मोजून मॅन्युअलशी ताडून बघा. एकाच सिलिंडरला करंट नसेल तर दोन्ही इग्निशन कॉइल आपापसात बदलून बघा. दोष कॉइलबरोबर दुसरीकडे गेला तर कॉइल खराब. सीडीआयचे झटके साधा मल्टिमीटर बरोबर मोजत नाही, त्याला पीक व्होल्टेज अडॅप्टर लागतो. सुरुवातीला तो नसला तरी चालेल. बाकी सगळं तपासून झाल्यावर जो पार्ट उरतो, तो सीडीआय.

त्याहून जुन्या, कॉन्टॅक्ट पॉइंटच्या मोटरी आल्या तर आधी पॉइंट स्वच्छ करून फट बघा, अनेक मॉडेलना ती ०.५ मिलिमीटरच्या आसपास असते. जुन्या कॉइलच्या प्लास्टिकला तडे गेलेत का तेही बघा.

"बॅटरी उतरते"

मोटर पाण्याच्या ड्रममध्ये उभी करूनच चालू करा. कोरडी चालवली तर पाण्याच्या पंपाचा इम्पेलर जातो. रेस थोडी वाढवून बॅटरीवर मोजा. १३.५ ते १४.५ च्या दरम्यान असेल तर छान. १२.५ वरच अडकलं तर चार्जिंग नाही. जुन्या साध्या मोटरींत रेग्युलेटर नसतो, तिथे जास्त रेसवर आकडा १५ च्या वरही जाऊ शकतो. अशा गिऱ्हाइकाला बॅटरीचं पाणी तपासत राहायला सांगा.

रेक्टिफायर बाहेर काढून मीटर डायोडवर ठेवा. एका दिशेने ०.४ ते ०.७ दाखवायला हवं, पिना उलट्या केल्या की काहीच नाही. दोन्हीकडे दाखवलं किंवा दोन्हीकडे काहीच नाही दाखवलं, तर गेला. तो जातो का? बॅटरी उलटी जोडल्यामुळे किंवा मोटर चालू असताना बॅटरी काढल्यामुळे. हे गिऱ्हाइकाला समजावून सांगा, नाहीतर महिन्याभरात तोच माणूस तुमच्याशी भांडायला येईल.

दुरुस्ती टिकली पाहिजे

घरगुती वायरिंगची तार होडीवर वापरायची नाही. कथील चढवलेल्या बारीक तारांची मरीन केबल घ्या. महाग पडते, पण लवकर काळी पडत नाही. जोड क्रिम्पिंग पान्याने दाबा आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. पिळून टेप मारलेला जोड एक पावसाळाही काढत नाही. नुसतं सोल्डरिंग केलं तर वायर तिथे कडक होते आणि कंपनाने तुटते.

केबलची जाडी अंदाजाने ठरवू नका. बॅटरी मोटरपासून ३ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ६ मीटर. १०० अँपिअरला ६ स्क्वेअर मिलिमीटरची केबल एकटीच सुमारे १.७५ व्होल्ट खाते, १६ ची ०.६६ आणि २५ ची ०.४२. म्हणून अशा होडीला आम्ही २५ वापरतो. स्वस्त केबल टाकून सेल्फला दोष देणारे बरेच भेटतील.

पूर्ण हार्नेस बदलायचा असेल तर एक वायर काढा, तिच्या जागी नवी टाका, मग दुसरी. सगळं एकदम उपटायचं नाही.

आता धंद्याचं

*तपासणीची फी.* काम हातात घेतानाच सांगा: "तपासायचे इतके रुपये. दोष सापडेल तो लेखी देईन. काम आमच्याकडे केलंत तर ते बिलात वजा होतील." समजा ५०० ठेवलेत. जो ५०० ला नाही म्हणतो, तो पुढे बिलालाही नाहीच म्हणणार होता.

*जॉब कार्ड.* आलेले आकडे लिहा: बॅटरी इतकी, पॉझिटिव्ह ड्रॉप इतका, अर्थ ड्रॉप इतका. दुरुस्तीनंतर तेच परत मोजून शेजारी लिहा. ३.८ च्या शेजारी ०.२ दिसलं की बिलावर घासाघीस कमी होते. गिऱ्हाइकाला व्होल्ट कळत नसेल, फरक कळतो.

*पार्टची खात्री.* ऑर्डर देण्याआधी मॉडेल नंबर लिहून घ्या आणि पार्ट मिळतो का ते बघा. जॉन्सन आणि एव्हिनरूड बनवणारी आउटबोर्ड मरीन कॉर्पोरेशन २००० साली दिवाळखोरीत गेली, ब्रँड बॉम्बार्डियरकडे गेले आणि २०२० मध्ये एव्हिनरूडचं उत्पादनही बंद झालं. अशा मोटरींना बऱ्याचदा दुसऱ्या कंपनीचे पार्ट शोधावे लागतात. म्हणून ॲडव्हान्स घेतल्याशिवाय मागवू नका.

*हंगाम.* पावसाळ्यात मासेमारी बंदी असते, पर्यटनाच्या बोटीही उभ्या असतात. होडीवाल्याचा तो रिकामा काळ, तोच तुमचा कामाचा. मे महिन्यातच फोन करून ठेवा: "मोटर वर काढली की आमच्याकडे पाठवा, सगळं वायरिंग तपासून देतो." हंगामात मोटर बंद पडली तर त्याचा एक दिवस म्हणजे डिझेल-पेट्रोल, बर्फ, खलाशांची मजुरी आणि न आलेली मासळी. समुद्रात बंद पडली तर गोष्ट पैशांच्या पलीकडे जाते. हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं. तुम्ही फक्त वेळेवर आठवण करायची.

*भांडवल.* सुरुवातीला बरा डिजिटल मल्टिमीटर, स्पार्क टेस्टर, क्रिम्पिंग पाना, थिंबल आणि स्लीव्हचा डबा, हीट गन आणि थोडी मरीन केबल. एवढ्यावर ऐंशी टक्के कामं होतील. क्लॅम्प मीटर आणि पीक व्होल्टेज अडॅप्टर पहिल्या हंगामाच्या कमाईतून घ्या, कर्ज काढून नको.

या आठवड्याचं काम

होडी नसली तरी सराव करता येतो. कुठल्याही सेल्फ स्टार्ट मोटरसायकलवर किंवा रिक्षावर व्होल्टेज ड्रॉपची टेस्ट करा. पॉझिटिव्ह बाजू, अर्थ बाजू, दोन आकडे वहीत लिहा. अशा दहा गाड्यांचे आकडे लिहिलेत की चांगलं वायरिंग कसं दिसतं ते तुमच्या हाताला कळेल. मग पहिली जुनी मोटर दुकानात आली की तुम्ही पाना उचलायच्या आधी मीटर उचलाल.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत जोड घट्ट ठेवा आणि हिशोब लेखी ठेवा.